दिसणारा सारा व न दिसणारा कर

आमचें सारें आयुष्य सारावसुलीच्या कागदांत गेलें. मागणी, वसुली व बाकी या तीन शब्दांनींच आमचे केस पांढरे केले. सबब, करांविषयीं कुरकुर करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं असें कोणी म्हटल्यास तें अगदींच खोटें नाहीं. परंतु ज्यानें जन्मभर दुसऱ्यांच्या पावत्या पाहिल्या, त्यासच पावती नसलेला कर अधिक टोंचतो, आणि तेंच आमचें आजचें गाऱ्हाणें आहे.

शेतसारा हा तसा प्रामाणिक कर. तलाठी चावडीवर बसे, खातेदाराचें नांव पुकारी, पैसे मोजून घेई व पावती फाडून हातांत देई. किती दिले, कोणास दिले व कशाबद्दल दिले, हें निरक्षरासहि कळे. रक्कम जाचक वाटली तर भांडावयास आंकडा हातांत असे. सन १९२८ सालीं सुरत जिल्ह्यांतील बारडोली तालुका असाच भांडला. साऱ्यांत २२ टक्के वाढ झाली होती. वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांनीं ती भरण्याचें नाकारलें, जप्त्या सोसल्या, आणि अखेर ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या दोन अंमलदारांच्या चौकशीअंतीं ती वाढ सुमारें ६ टक्क्यांवर आली. त्या विजयाचें श्रेय शेतकऱ्यांच्या धैर्यास व पटेलांच्या संघटनेस आहेच. परंतु थोडें श्रेय आंकड्यासहि आहे. तो दिसत होता म्हणून झगडतां आलें.

आज सारा नांवापुरता उरला आहे. लहान जिराइती खातेदारास तो भरण्यापेक्षां तालुक्यास जाण्याचें भाडें जड जातें. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकरहि नाहीं. यावरून शहरची मंडळी आम्हांस म्हणतात, "तुम्ही शेतकरी मजेंत आहां; एका पैचा कर नाहीं!" अशा एका पाहुण्यापुढें आम्हीं फवारणीच्या औषधाचें बिल ठेवलें. पाहुण्यांनीं चहा मात्र निमूटपणें घेतला.

कीटकनाशकावर वस्तु व सेवा कर १८ टक्के, व रासायनिक खतावर ५ टक्के. ट्रॅक्टरवर सन २०१७ पासून १२ टक्के होता, तो ता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. ठिबक संचावरीलहि १२ चा ५ झाला. झालें तें चांगलें झालें, त्याबद्दल आभार. डिझेल या करांत येत नाहीं. त्यावर केंद्राचें उत्पादनशुल्क निराळें व राज्याचा मूल्यवर्धित कर निराळा.

आतां यांतील मेख पाहा. व्यापारी आपल्या खरेदीवर भरलेला कर विक्रीच्या करांतून वजा करून घेतो. शेतकऱ्याचा भाजीपाला करमुक्त, म्हणून त्यास वजावट नाहीं. आणि मालाचा भाव दुसराच ठरवितो, म्हणून तो कर पुढें ढकलण्याचीहि सोय नाहीं. 'करमुक्त' ही पदवी ऐकावयास मोठी गोड आहे. कर मात्र बांधावरच मुक्काम करून राहतो.

लग्नांतील आहेर मांडवांत मोठ्यानें पुकारतात, तसें सरकारी देण्याचें आहे. सन २०१९ पासून केंद्राचा सन्मान निधि वर्षास ६,००० रुपये, तीन हप्त्यांनीं मिळतो. सन २०२३ मध्यें राज्यानें आपले ६,००० त्यांत घातले. प्रत्येक हप्त्यास सभा, भाषण व छायाचित्र! परंतु सहा लाख किंमतीच्या ट्रॅक्टरवर १२ टक्क्यांनीं ७२,००० रुपये गेले, तेव्हां कोणी हार घेऊन आल्याचें ऐकिवांत नाहीं. केंद्राच्या निधीनें ती रक्कम भरून निघण्यास १२ वर्षें लागतात; राज्याचा हात लागला तरी सहा.

शिवाय सन्मान घेण्यासहि कित्येकांस अंगठा लागतो. पूर्वीं अंगठा उठविणें हें निरक्षरतेचें लक्षण होतें. आतां शिकलेल्यांसहि तो कित्येकदां यंत्रावर ठेवावा लागतो, आणि कुदळीनें रेषा झिजलेल्या हातास यंत्र ओळख देत नाहीं. आम्ही निवृत्तिवेतनधारक या निधींतून वगळलेले आहों. कोल्ह्यास द्राक्षें आंबट, असें कोणीं म्हटल्यास आम्ही तें मुकाट्यानें ऐकून घेऊं.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांस मिळते, ती सरकार कारखान्यास मोठा फरक देतें म्हणूनच. (सन २०१८ मध्यें गोणी ५० किलोंची ४५ किलोंची झाली, ही गोष्ट निराळी.) राज्यांत सन २०२३ च्या खरिपापासून एका रुपयांत पीकविमा होता. सन २०२५ मध्यें ती योजना बंद झाली व खरिपास विमारकमेच्या २ टक्के हप्ता पुन्हां सुरू झाला. रुपया आपण देत होतों आणि उरलेला हप्ता सरकारी तिजोरींतून, म्हणजे कांहीं अंशीं आपल्याच डिझेलमधून, जात होता.

तेव्हां एकंदरींत शेतकरी देणेकरी कीं घेणेकरी? खरें उत्तर खातेदारागणिक निराळें निघेल, आणि तें काढावयाचें तर वही पाहिजे. म्हणून वाचकांस आमची कारकुनी सूचना अशी: दोन रकान्यांची एक वही घाला. एकींत प्रत्येक बिलावरील कर, दुसरींत मिळालेलें प्रत्येक अनुदान. दुकानदाराकडून पक्कें बिल मागा. कच्च्या चिठ्ठीवर कर दिसत नाहीं, आणि औषध वा बियाणें खोटें निघाल्यास दाद मागणेंहि कठीण जातें. पाडव्यास बेरीज करा. मग मत मागावयास जो कोणी येईल, त्याचा पक्ष न विचारतां ती वही त्याच्यापुढें ठेवा.

बेरीज सरकारच्या बाजूनें निघाली, तर आम्ही स्वतः आभाराचें पत्र लिहूं. आमचें अक्षर अजून बरें आहे.