शारजाच्या मैदानावर मुंबईची बॅट

शारजात मोठे सामने शुक्रवारी व्हायचे. त्या काळी अमिरातीत आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असे, त्यामुळे कामाधंद्यासाठी तिकडे गेलेल्या माणसाला मैदान गाठायला हाच दिवस सोयीचा. अब्दुल रहमान बुखातिर यांच्या पुढाकाराने इथे क्रिकेट रुजलं. 1981मध्ये गावस्कर एकादश आणि मियांदाद एकादश यांच्यात प्रदर्शनीय सामना झाला. एप्रिल 1984मध्ये पहिल्या आशिया चषकासोबत आंतरराष्ट्रीय क्रिकेटही आलं. तो चषक भारताने सुनील गावस्करांच्या नेतृत्वाखाली जिंकला. शुक्रवारी पाकिस्तानशी गाठ पडली की हार ठरलेली, असा समज पुढे घरोघरी पसरला. पण 13 एप्रिल 1984 आणि 22 मार्च 1985 हे दोन्ही शुक्रवारच होते, आणि दोन्ही दिवशी पाकिस्तान हरला होता.

मुंबईच्या फलंदाजांची तुलना करायला शारजाइतकी चांगली जागा नाही. मैदान तेच, बहुतेक वेळा खेळपट्टी पाटा, समोर अनेकदा तोच पाकिस्तान. कोण कशात भारी आणि कोण कुठे कमी पडला, हे इथे लख्ख दिसतं.

सुरुवात गावस्करांपासूनच करावी लागते. 18 एप्रिल 1986चा ऑस्ट्रल-एशिया चषकाचा अंतिम सामना म्हटलं की चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवरचा, पाकिस्तानला जिंकून देणारा जावेद मियांदादचा षटकार तेवढा आठवतो. त्या सामन्यात भारताच्या डावात गावस्करांनी 92 धावा काढल्या होत्या, हे किती जणांच्या लक्षात आहे? श्रीकांतने 75 धावांची आतषबाजी केली ती दुसऱ्या टोकाला गावस्कर ठाम उभे होते म्हणून. दिलीप वेंगसरकरांच्या 50 धावांनाही त्यांचाच आधार होता. नवा चेंडू खेळून काढावा, विकेट फेकू नये, हा मुंबईचा खडूसपणा तिथे पुरेपूर दिसला. उणीवही त्याच डावात दिसते. दुसरी विकेट 216 धावांवर पडली, तरी डाव 7 बाद 245वर थांबला. हातात एवढ्या विकेट असताना वेग आधीच वाढवायला हवा होता. गावस्करांचं एकदिवसीय सामन्यांतलं एकमेव शतक 1987च्या विश्वचषकात नागपूरला आलं, यावरून या प्रकाराशी त्यांचे सूर जुळायला किती वेळ लागला ते कळतं. तरीही मियांदादच्या एका फटक्याखाली ती 92 धावांची खेळी गाडून टाकणं हा अन्याय आहे.

शिवाय गावस्कर म्हणजे फक्त बॅट नव्हे. 22 मार्च 1985ला इम्रान खानने 14 धावांत 6 बळी घेऊन भारताला 125वर गुंडाळलं. उत्तरादाखल पाकिस्तान 87वर आटोपला. त्यात गावस्करांनी चार झेल टिपले. बॅट चालली नाही त्या दिवशी हातांनी सामना राखला.

पुढच्या पिढीला शारजाने पहिला तडाखा दिला तो 25 ऑक्टोबर 1991ला. विल्स करंडकाच्या अंतिम सामन्यात आकिब जावेदने रवी शास्त्री, अझरुद्दीन आणि सचिन तेंडुलकर यांना लागोपाठच्या तीन चेंडूंवर पायचीत केलं आणि एकूण 37 धावांत 7 बळी घेतले. अठरा वर्षांचा सचिन पहिल्याच चेंडूवर परतला.

त्याच मैदानाला त्याने पुढे सात शतकं दाखवली. 22 एप्रिल 1998ला ऑस्ट्रेलियाने 284 धावा केल्या, मध्येच वाळूचं वादळ आलं आणि हिशेब बदलला: 46 षटकांत जिंकायला 276, पण अंतिम फेरी गाठायला 237 पुरेशा. सचिनने 131 चेंडूंत 143 धावा केल्या, भारत अंतिम फेरीत गेला, आणि सामना मात्र 26 धावांनी हरला. तो बाद झाल्यावर धावांचा ओघच आटला. सगळा भार एकाच खांद्यावर येणं ही संघाची उणीव होती. ती सचिनच्या नावावर लिहिली गेली, हे खटकतं. दोन दिवसांनी, पंचविसाव्या वाढदिवशी, अंतिम सामन्यात त्याने पुन्हा 134 धावा केल्या आणि या वेळी करंडक भारताकडे आला. गाजली वादळातली खेळी. पण जिंकून देणारी ही दुसरी खेळी अधिक मोलाची.

सचिनचं खरं बळ मात्र त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दिसतं. साखळी सामन्यात झिम्बाब्वेच्या हेन्री ओलोंगाने उसळत्या चेंडूवर त्याला चकवलं. 13 नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात त्याच ओलोंगावर तो तुटून पडला. 92 चेंडूंत नाबाद 124, सोबतीला सौरव गांगुली, आणि भारत दहा विकेट राखून विजयी. आपली उणीव जगाने पाहिल्यावर आठवडाभरात ती धुऊन काढणारा फलंदाज विरळा.

विनोद कांबळीला हे जमलं नाही, याची हळहळ आजही वाटते. हात मोकळे करायला जागा मिळाली की त्याच्यासारखा डावखुरा नाही. 1994मध्ये याच मैदानावर त्याने शेन वॉर्नच्या एका षटकात 22 धावा कुटल्या. फिरकीपटूला पुढे सरसावून उचलायचं धाडस त्याच्याकडे उपजत होतं. आखूड टप्प्याचा वेगवान चेंडू छातीवर आला की मात्र पाय अडखळायचे, आणि गोलंदाजांनी ते हेरलं. 17 कसोटींत 54हून जास्त सरासरी असूनही त्याची कसोटी कारकीर्द 1995मध्येच संपली.

कांबळीचा पहिला एकदिवसीय सामना 18 ऑक्टोबर 1991चा, पाकिस्तानविरुद्ध, शारजात. शेवटचाही शारजातच, 29 ऑक्टोबर 2000ला. त्या दिवशी श्रीलंकेच्या सनथ जयसूर्याने 189 धावा केल्या, आणि चामिंडा वासच्या माऱ्यापुढे भारत अवघ्या 54 धावांत बाद झाला. सचिनही अपयशी ठरला. पुढच्या वर्षी भारत सरकारने शारजात खेळायला मनाई केली, आणि भारताच्या पुरुष संघाचा तिथला शेवटचा एकदिवसीय सामना आजही तोच आहे.