क्रफ्ट्सचा निकाल आणि केनेल क्लबची वही

द केनेल क्लब ही ब्रिटनमधील शुद्ध जातीच्या कुत्र्यांची नोंदणी करणारी संस्था 4 एप्रिल 1873 रोजी लंडनमध्ये स्थापन झाली. या प्रकारची जगातली ही सर्वात जुनी संस्था. दरवर्षी मार्च महिन्यात बर्मिंगहॅमच्या नॅशनल एक्झिबिशन सेंटरमध्ये भरणारे ‘क्रफ्ट्स’ हे चार दिवसांचे श्वानप्रदर्शन तिच्याच वतीने होते, आणि जगभरच्या लोकांना संस्था ठाऊक असते ती बहुतेक या प्रदर्शनामुळेच. पण चषक कोणी पटकावला, ही संस्थेच्या वर्षभराच्या कामातली लहानशी बाब आहे. प्रत्येक जातीचे मानक लिहून काढणे, पिल्लांची नोंद ठेवणे, कोणत्या जोडीची पिल्ले नोंदवून घ्यायची आणि कोणत्या जोडीची नाही हे ठरवणे, ही तिची मूळ कामे. रिंगणातला निकाल नोंदवही शेजारी ठेवून वाचला तरच त्याचा अर्थ लागतो.

संस्था निघण्याआधीपासूनच प्रदर्शने भरत होती. 1859 च्या जून महिन्यात न्यूकॅसल-अपॉन-टाइन येथे पॉइंटर आणि सेटर या दोन शिकारी जातींचे प्रदर्शन झाले. साठ कुत्री आली होती आणि बक्षीस होते बंदुकीचे. पॉइंटर तपासणाऱ्या परीक्षकाचा सेटर पहिला आला आणि सेटर तपासणाऱ्याचा पॉइंटर! पुढच्या दहा-बारा वर्षांत प्रदर्शने वाढली, तसे तंटेही वाढले. नियम गावोगावी वेगळे होते आणि एका कुत्र्याच्या नावावर दुसरे कुत्रे उभे करणे सहज जमत होते. सिवॉलिस एव्हलिन शर्ली या पार्लमेंट सदस्याने पुढाकार घेऊन बारा जणांसह केनेल क्लबची स्थापना केली, ती या गोंधळाला आवर घालण्यासाठी.

पहिले मोठे काम झाले ते वहीचेच. 1874 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या ‘स्टड बुक’मध्ये 4,027 कुत्र्यांच्या वंशावळी होत्या आणि त्यांच्याबरोबर 1859 पासूनच्या प्रदर्शनांचे निकाल होते. वंशावळ आणि निकाल एकाच पुस्तकात बांधले गेले, ही गोष्ट पुढच्या दीडशे वर्षांच्या दृष्टीने फार महत्त्वाची ठरली. जिंकलेल्या कुत्र्याचा वंश कोणता हे आता शोधता येऊ लागले, आणि ज्याला जिंकायचे होते तो त्याच वंशातला नर मागू लागला. 1880 पासून नावनोंदणीची पद्धत सुरू झाली. त्याआधी बॉब, जेट, व्हिक अशा नावांची इतकी कुत्री होती की निकालातला बॉब नेमका कोणाचा, हे सांगणे अवघड होई. पैदास करणाऱ्याने आपल्या घराण्याचे एक नाव राखून ठेवायचे आणि ते प्रत्येक पिल्लाच्या नावाला जोडायचे, ही प्रथाही रुळली. म्हणूनच विजेत्यांची अधिकृत नावे लांबलचक असतात आणि घरात हाक मारायला वेगळे, छोटे नाव असते.

सुरुवातीच्या काळातला एक निर्णय आवर्जून सांगण्याजोगा आहे. ग्रेट डेन, बुल टेरियर अशा काही जातींचे कान कापून टोकदार करण्याची चाल होती. क्लबचे आश्रयदाते प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, यांनी या क्रूर प्रकाराला उघड विरोध केला आणि 1898 मध्ये क्लबने कान कापलेल्या कुत्र्यांना प्रदर्शनाची दारे बंद केली. प्रवेशाचा एक नियम बदलला की पैदास करणाऱ्यांची सवय बदलते, हे तेव्हाच दिसून आले होते. माणसांच्या बाबतीत मात्र क्लब इतका तत्पर नव्हता. कुत्री वाढवण्यात आणि जिंकवण्यात स्त्रिया आघाडीवर असूनही त्यांना क्लबचे पूर्ण सभासदत्व मिळाले ते 1979 मध्ये, आयरिश वुल्फहाउंडच्या ख्यातनाम पैदासकार फ्लॉरेन्स नेगल यांनी दाद मागितल्यानंतर.

प्रदर्शनात कुत्र्याची तुलना शेजारच्या कुत्र्याशी होते, असे पाहणाऱ्याला वाटते. नियमाप्रमाणे ती जातीच्या लेखी मानकाशी होते. मानकात डोक्याची ठेवण, डोळ्यांचा आकार, दातांची जुळणी, खांद्याचा कोन, पाठीची रेषा, शेपटीचा बाक, केसांचा पोत, रंग, उंची, चाल आणि स्वभाव यांचे वर्णन असते. रिंगणात हे प्रत्यक्ष घडते ते असे. हँडलर कुत्र्याला चारही पाय नीट टेकवून उभे करतो आणि मान किंचित वर राहावी म्हणून बोटांत उकडलेल्या काळजाचा तुकडा धरतो. छोट्या जातींना टेबलावर चढवतात. परीक्षक समोरून येतो, आपला हात आधी कुत्र्याला हुंगू देतो, मग ओठ उचलून दात बघतो. तिथून दोन्ही हात मानेवरून खांद्यावर, बरगड्यांवरून कमरेवर आणि मागच्या मांड्यांवर फिरतात. पूडल किंवा ओल्ड इंग्लिश शीपडॉगसारख्या दाट केसांच्या जातीत डोळ्यांपेक्षा बोटांवरच भिस्त असते, कारण कुशल कात्रीने केसांखालचे बरेच दोष झाकता येतात. नरांचे दोन्ही अंडकोष उतरलेले आहेत का हेही पाहिले जाते. शेवटी कुत्र्याला त्रिकोणात पळवतात. जाताना मागच्या पायांची चाल दिसते, बाजूने पावलांची लांब पडणारी ढांग आणि येताना पुढच्या पायांची. उभे असताना देखणे दिसणारे पुष्कळ उमेदवार या काही सेकंदांत मागे पडतात.

चॅम्पियन किताबाची वाट लांब आहे. मोठ्या प्रदर्शनात जातीतल्या सर्वोत्तम नराला आणि सर्वोत्तम मादीला ‘चॅलेंज सर्टिफिकेट’ मिळते; ब्रिटिश श्वानपालक त्याला नुसते ‘तिकीट’ म्हणतात. तीन वेगवेगळ्या परीक्षकांकडून तीन तिकिटे मिळाली, आणि त्यांपैकी निदान एक कुत्रे वर्षाचे झाल्यानंतरचे असले, की ते चॅम्पियन होते. एकाच परीक्षकाच्या आवडीवर किताब मिळू नये, अशी ही तजवीज आहे. बंदुकीच्या शिकारीत साथ देणाऱ्या गनडॉग जातींना आणखी एक अट आहे. तीन तिकिटांवर त्यांना ‘शो चॅम्पियन’ एवढीच पदवी मिळते. पूर्ण चॅम्पियन व्हायचे तर शेतावर, माळावर प्रत्यक्ष कामाची पात्रता सिद्ध करावी लागते. दिसणे आणि काम करणे या दोन गोष्टी अलग पडू शकतात, याची ही उघड कबुली आहे. हा भेद इतर गटांना लागू झाला असता तर कितीतरी जातींचे भले झाले असते.

क्रफ्ट्सला हे नाव मिळाले ते चार्ल्स क्रफ्ट या धडाडीच्या विक्रेत्यावरून. कुत्र्यांची बिस्किटे बनवणाऱ्या स्प्रॅट्स कंपनीत तो नोकरीला होता. 1886 मध्ये त्याने फक्त टेरियरचे प्रदर्शन भरवले आणि 1891 मध्ये इझ्लिंग्टनच्या रॉयल अॅग्रिकल्चरल हॉलमध्ये सर्व जातींना खुले असलेले पहिले ‘क्रफ्ट्स’ झाले. राणी व्हिक्टोरियाने आपली कुत्री त्यात पाठवली आणि प्रदर्शनाचा बोलबाला झाला. 1938 मध्ये क्रफ्टचे निधन झाले. काही वर्षांनी त्याच्या पत्नीने प्रदर्शन केनेल क्लबच्या स्वाधीन केले आणि क्लबच्या व्यवस्थापनाखालचे पहिले क्रफ्ट्स महायुद्धानंतर 1948 मध्ये लंडनच्या ऑलिम्पिया सभागृहात भरले. तिथून ते 1979 मध्ये अर्ल्स कोर्टला आणि 1991 मध्ये, शताब्दीच्या वर्षी, बर्मिंगहॅमला गेले. 1954 मध्ये वीज कामगारांच्या संपामुळे आणि 2021 मध्ये कोविडमुळे ते भरू शकले नाही.

आज साधारण वीस हजार कुत्री चार दिवसांत हजेरी लावतात. कोणीही उठून येऊ शकत नाही. वर्षभरातल्या पात्रता प्रदर्शनांतून यावे लागते. आधी जातीतला सर्वोत्तम निवडतात. मग हाउंड, गनडॉग, टेरियर, युटिलिटी, वर्किंग, पास्टोरल आणि टॉय अशा सात गटांचे विजेते ठरतात, आणि रविवारी संध्याकाळी त्या सातांतून ‘बेस्ट इन शो’. पुण्या-मुंबईच्या डॉग शोमध्येही जातीकडून गटाकडे आणि गटाकडून अंतिम विजेत्याकडे जाण्याची हीच रीत आहे. गटांची मांडणी तेवढी वेगळी. बक्षिसाची रक्कम अगदी किरकोळ असते. मोल असते ते नावाला आणि त्या नावामुळे पिल्लांना येणाऱ्या मागणीला.

बेस्ट इन शो 1928 मध्ये सुरू झाले आणि पहिला मान ‘प्रिमली सेप्टर’ या ग्रेहाउंडला मिळाला. त्यानंतरच्या वीस-बावीस वर्षांवर एकाच माणसाची छाप आहे. एच. एस. लॉइड यांच्या ‘ऑफ वेअर’ घराण्यातल्या इंग्लिश कॉकर स्पॅनियलनी 1930 ते 1950 या काळात सहा वेळा हा मान मिळवला. त्यातली ‘ट्रेसी विच ऑफ वेअर’ 1948 आणि 1950 अशी दोनदा जिंकली. 1996 मध्ये आणखी एका कॉकरने बाजी मारली आणि सात विजयांसह ही जात क्रफ्ट्सची सर्वात यशस्वी जात ठरली. ब्रिटनमध्ये घरोघरी दिसणारा लॅब्रॅडॉर या विजेत्यांच्या यादीत बराच जुना पाहुणा आहे. तीनच विजय, तेही 1930 च्या दशकात, दोन कुत्र्यांचे.

अलीकडच्या निकालांत ठळक दिसतो तो परदेशी कुत्र्यांचा शिरकाव. ब्रिटनमध्ये बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना पूर्वी रेबीजच्या भीतीने सहा महिने विलगीकरणात ठेवत, त्यामुळे प्रदर्शनापुरते येणे अशक्य होते. 2000 मध्ये लसीकरण आणि मायक्रोचिपच्या आधारे प्रवासाची योजना आली आणि 2001 पासून क्रफ्ट्स परदेशी कुत्र्यांना खुले झाले. 2022 मध्ये नॉर्वेचा बॅक्सर हा फ्लॅट-कोटेड रिट्रीव्हर जिंकला. 2023 मध्ये क्रोएशियाची ओर्का ही लागोत्तो रोमान्योलो जातीची मादी जिंकली. जमिनीखालची ट्रफल नावाची अळंबी हुंगून काढण्यासाठी ही जात इटलीत वापरली जाते. 2024 मध्ये व्हायकिंग या ऑस्ट्रेलियन शेफर्डने मान ब्रिटनमध्येच राखला. 2025 मध्ये मिऊचा ही व्हिपेट मादी पहिली आली आणि इटलीला पहिल्यांदाच हा मान मिळाला. चपळ, सडपातळ व्हिपेट जातीचा हा चौथा विजय. आधीचे 1992, 2004 आणि 2018 चे.

रूपाशी संबंध नसलेल्या स्पर्धांचे निकालही याच चार दिवसांत लागतात. त्यातल्या ‘अॅजिलिटी’चा जन्मच क्रफ्ट्समध्ये झाला. 1978 मध्ये मधल्या रिकाम्या वेळात प्रेक्षकांची करमणूक म्हणून, घोड्यांच्या शो-जंपिंगमधल्या अडथळ्यांच्या धर्तीवर, कुत्र्यांना उड्या मारायला लावल्या. आज हा खेळ जगभर खेळला जातो आणि त्यात वंशावळ नसलेली कुत्रीही उतरतात.

संस्थेची सर्वात कठीण परीक्षा झाली ती 2008 मध्ये. ऑगस्टमध्ये बीबीसीने ‘पेडिग्री डॉग्ज एक्सपोज्ड’ हा माहितीपट दाखवला. कवटी लहान पडल्याने मेंदूवर दाब येऊन वेदनेने तळमळणारे कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल त्यात लोकांनी पाहिले. वेडेवाकडे शरीर घेऊन चाललेली, धाप लागलेली विजेती कुत्री पाहिली. त्याच वर्षी इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी क्लबच्याच नोंदींवरून दाखवून दिले की ब्रिटनमध्ये सुमारे 10,000 पग असले तरी आनुवंशिक विविधतेच्या हिशेबात ते जेमतेम 50 कुत्र्यांएवढे भरतात. कारण उघड होते. जिंकलेल्या मोजक्या नरांकडे साऱ्या माद्या जात राहिल्या आणि चेहरा सपाट हवा म्हणणारे मानक दर पिढीला तो आणखी सपाट करत गेले. आरएसपीसीए या प्राणिदया संस्थेने क्रफ्ट्समधून अंग काढून घेतले, बीबीसीने 2009 पासून प्रक्षेपण थांबवले. प्राणिशास्त्रज्ञ सर पॅट्रिक बेटसन यांच्या चौकशीचा अहवाल 2010 मध्ये आला.

क्लबने अनेक जातींची मानके फेरतपासून अतिरेकी ठेवणीला वाव देणारे शब्द बदलले. आई-मुलगा, बाप-मुलगी आणि सख्खी भावंडे यांच्यापासून झालेल्या पिल्लांची नोंदणी 2009 पासून बंद झाली. हे तीस-चाळीस वर्षे आधी व्हायला हवे होते. 2012 मध्ये क्रफ्ट्सने आणखी पुढचे पाऊल टाकले. धोक्याच्या यादीतल्या पंधरा जातींच्या विजेत्याला गटात जाण्याआधी स्वतंत्र पशुवैद्याकडून तपासून घेणे सक्तीचे झाले. त्या वर्षी पंधरापैकी सहा विजेते नापास झाले. बुलडॉग आणि पेकिंगीज त्यांत होते. मालक संतापले, रडलेही. पण डोळ्यांना इजा झालेले किंवा नीट श्वास घेऊ न शकणारे कुत्रे आपल्या जातीचा आदर्श म्हणून मिरवू नये, हा नियम योग्यच होता, आणि त्या वर्षीच्या निकालातली सर्वात मोलाची गोष्ट तीच होती.

खुब्याच्या सांध्याची तपासणी ही क्लबची आणि ब्रिटिश पशुवैद्यक संघटनेची जुनी, शांतपणे चालत आलेली योजना. क्ष-किरण चित्रावरून दोन्ही खुब्यांना मिळून 0 ते 106 पर्यंत गुण देतात. गुण जितके कमी तितके सांधे चांगले. या गुणांची, डोळ्यांच्या तपासणीची आणि डीएनए चाचण्यांची नोंद वंशावळीला जोडली जाते. पिल्लू घेणाऱ्याने आई-बापांच्या चषकांआधी हे आकडे विचारावेत.

नोंदवहीत लोकांची आवडनिवडही उमटते आणि तिच्यावर संस्थेचा ताबा फार कमी असतो. 2018 मध्ये फ्रेंच बुलडॉगच्या नोंदी लॅब्रॅडॉरच्याही पुढे गेल्या. आखूड नाकामुळे श्वासाचा त्रास ठरलेल्या या जातीला हा मान मिळवून दिला तो जाहिराती आणि समाजमाध्यमांनी. तोवर तिला बेस्ट इन शो एकदाही मिळाले नव्हते. दुसऱ्या टोकाला ऑटरहाउंडसारख्या मूळ ब्रिटिश जाती आहेत. वर्षाला 300 पेक्षा कमी पिल्ले नोंदवली गेलेल्या देशी जाती क्लब ‘असुरक्षित’ यादीत टाकतो, आणि 300 ते 450 च्या दरम्यान असलेल्या जातींवर लक्ष ठेवतो. पाणमांजरांच्या शिकारीवर बंदी आल्यावर ऑटरहाउंडचे काम संपले. मोठा देह, दाट केस आणि लांबवर ऐकू जाणारा आवाज यांमुळे शहरी घरात त्याला जागा मिळेना. क्रफ्ट्सच्या सभागृहात ‘डिस्कव्हर डॉग्ज’ नावाचा एक भाग असतो. तिथे दोनशेहून अधिक जातींची कुत्री आपल्या मालकांसह बसलेली असतात आणि येणारे लोक त्यांना हात लावून पाहतात, खाणे, केस, व्यायाम यांची चौकशी करतात. ऑटरहाउंडचे मालकही तिथे दरवर्षी असतात.