अश्रूंचा हिशेब

दिवाळीत नव्या वहीचे पूजन होते, तेव्हा अनेक जैन व्यापारी पहिल्या पानावर गौतमस्वामींच्या लब्धीचे स्मरण लिहितात. लिहिताना एक गोष्ट मात्र सहसा आठवत नाही. ज्या रात्री पावापुरीस प्रभू महावीरांचे निर्वाण झाले, त्या रात्री हे गौतमस्वामी लहान मुलासारखे रडले होते. प्रभूंच्या आज्ञेने ते देवशर्मा ब्राह्मणास प्रतिबोध देण्यास गेले होते. परतताना वार्ता कळली आणि चार ज्ञानांच्या धनी गणधरांचाही धीर सुटला. त्या विलापातूनच आपल्याला बांधून ठेवणारा सूक्ष्म राग त्यांना दिसला आणि पहाटे केवलज्ञान प्रगट झाले. व्यापाऱ्याच्या वहीवरील पहिले नाव असे एका रडलेल्या महापुरुषाचे आहे.

तरीही पेठेतील पुरुषाला लहानपणापासून शिकवण मिळते ती डोळे कोरडे ठेवण्याची. अहिल्यानगरचा कापड बाजार असो की दाळमंडई, गादीवर बसणाऱ्याने तोटा चेहऱ्यावर दिसू द्यायचा नसतो. मालाचे भाव कोसळले, उधारी बुडाली, तरी ग्राहकाशी हसून बोलावे लागते. कारण पतीवरच व्यापार चालतो. ही सवय दुकान वाढवल्यावरही सुटत नाही. मुलीच्या पाठवणीच्या वेळी घरातील स्त्रिया मोकळेपणी रडतात आणि वडील मात्र मांडववाल्याचा हिशेब करण्याचे निमित्त काढून बाजूला होतात.

माणूस किती वेळा रडतो, याचीही मोजदाद झालेली आहे. अमेरिकेतील जीवरसायनशास्त्रज्ञ विल्यम फ्रे यांनी 1980 च्या दशकात स्वयंसेवकांना महिनाभर आपल्या रडण्याची नोंद ठेवण्यास सांगितले. स्त्रियांची सरासरी महिन्याला सुमारे 5.3 वेळा आली, तर पुरुषांची 1.4 वेळा. तान्ह्या मुलामुलींच्या रडण्यात मात्र असा ठळक फरक नसतो. तो वाढत्या वयात रुंदावतो. त्यात शरीरातील संप्रेरकांचा वाटा असल्याचे मानले जाते, तसा घरातील वळणाचाही असतो. ‘मुलगा असून रडतोस?’ हा प्रश्न ऐकत वाढलेल्याचे दुःख कमी होत नाही. त्याला वाट तेवढी मिळत नाही.

या बाबतीत जैन शास्त्राची दृष्टी अधिक खोल आहे. शास्त्र रडण्याची संख्या मोजत नाही, त्याचे कारण पाहते. स्थानांगसूत्रात आर्तध्यानाची चार लक्षणे सांगितली आहेत: आक्रंदन करणे, शोक करणे, अश्रू ढाळणे आणि विलाप करणे. गेलेल्या वस्तूसाठी, मनाजोगे न घडल्यासाठी पुन्हा पुन्हा झुरत राहणे हे कर्मबंधाचे कारण आहे. म्हणून मृत्यूच्या घरी छाती बडवून आकांत करण्यापेक्षा नवकाराचा जप करावा, असे साधू-साध्वीजी सांगतात.

परंतु सर्वच अश्रू आर्तध्यानाचे नसतात. संगमदेवाने सहा महिने प्रभू महावीरांना उपसर्ग दिले. अखेर थकून तो परत निघाला, तेव्हा प्रभूंचे डोळे पाणावले, असे हेमचंद्राचार्य सांगतात. ते अश्रू स्वतःच्या यातनांसाठी नव्हते. आपल्या निमित्ताने या जीवाने किती कर्मे बांधली, याची ती करुणा होती. कौशांबीच्या चंदनबालेची कथा तर घराघरांत सांगितली जाते. प्रभूंच्या अभिग्रहातील इतर सर्व गोष्टी जुळल्या होत्या. हातापायांत बेड्या, मुंडित मस्तक, सुपात उडदाचे बाकळे. फक्त डोळ्यांत अश्रू नव्हते. प्रभू मागे वळताच तिचे डोळे भरून आले आणि पाच महिने पंचवीस दिवसांच्या उपवासाचे पारणे त्या सुपातून झाले.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या मातीतही अशा अश्रूंची एक ओळख आहे. पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी येथे 1900 साली जन्मलेल्या नेमिचंद या बालकाने 7 डिसेंबर 1913 रोजी मिरी येथे रत्नऋषीजी महाराजांकडे दीक्षा घेतली. तेच पुढे श्रमणसंघाचे आचार्य आनंदऋषीजी महाराज झाले. कुटुंबाच्या आज्ञेवाचून दीक्षा होत नाही. दीक्षार्थीला निरोप देणाऱ्या कोणत्याही आईचे डोळे त्या दिवशी वाहतात आणि त्याच वेळी तिचा हात आशीर्वादासाठी वर येतो. तेथे ममता असते, तसा त्यागही असतो.

28 मार्च 1992 रोजी आचार्यश्रींचे अहिल्यानगर येथे महाप्रयाण झाले. समाजाचा शोक तेथेच थांबला नाही. जैन सोशल फेडरेशनने शहरात त्यांच्या नावाने रुग्णालय उभारले आणि तेथे गरजू रुग्णांना अल्पदरात उपचार मिळू लागले. डोळ्यांतील पाणी हातांपर्यंत पोहोचले की त्याची सेवा होते.

सर्वांत अवघड अश्रू मात्र संवत्सरीचे आहेत. पर्युषणाच्या आठ दिवसांत स्थानकात अंतगडसूत्राचे वाचन होते. सात पुत्रांना जन्म देऊनही एकाचेही बालपण न अनुभवलेल्या देवकीचा प्रसंग येतो आणि सभेत पदर डोळ्यांना लागतात. पुरुषांच्या बाजूसही कोणी चष्मा पुसतो. कथेसाठी डोळे असे सहज ओलावतात. दुकानाच्या वाटणीवरून दुरावलेल्या सख्ख्या भावाच्या दारात जाताना मात्र पाय जड होतात. मग शेकडो जणांना मोबाईलवरून एकच ‘मिच्छामि दुक्कडम्’ जाते आणि ज्याची खरी क्षमा मागायची, तो तेवढा राहून जातो.

वर्षाअखेरीस व्यापारी येणे-देणे तपासतो. खमतखामणा हा मनाचा तसाच ताळेबंद आहे. वर्षभरात आपल्या तोट्यासाठी, अपमानासाठी किती वेळा रडलो, हे एका बाजूस ठेवावे. दुसऱ्या बाजूस कोणाच्या दुःखाने डोळे भरले आणि आपण दिलेल्या दुःखाच्या पश्चात्तापाने किती वेळा भरले, हे पाहावे. ही दुसरी बाजू कोरी असेल, तर दुरावलेल्या भावाच्या घरी जाण्यासाठी पुढच्या संवत्सरीची वाट पाहण्याचे कारण नाही.