चार्टर शाळा: जे आपल्याकडे आहेच, ते आयात कशाला?

मुलं अमेरिकेत आहेत असे आईवडील डोंबिवलीत कमी नाहीत. न्यू जर्सीत नातवंडं सांभाळून परतलेल्यांकडून सोसायटीच्या सभेत, गणपतीच्या आरतीनंतर, दिवाळीत फडके रोडवर एक सल्ला हमखास ऐकू येतो: "आपल्याकडेही चार्टर शाळा आणा. पैसा सरकारचा, कारभार खासगी. मग बघा दर्जा कसा सुधारतो!"

मोठा गैरसमज: सरकारी पैसा आणि खासगी कारभार हा नवा परदेशी प्रयोग आहे आणि त्याने दर्जा आपोआप सुधारतो.

सल्ला देणाऱ्यांना एकच विचारावंसं वाटतं: तुम्ही स्वतः कुठल्या शाळेत शिकलात? उत्तर बहुधा टिळकनगर विद्यामंदिर, स. वा. जोशी विद्यालय किंवा तशाच एखाद्या संस्थेची मराठी शाळा असं येतं. या शाळा चालवतात नोंदणीकृत संस्था. मान्य पदांवरच्या शिक्षकांचा पगार मात्र सरकार देतं. यालाच आपण अनुदानित शाळा म्हणतो. खासगी संस्थांच्या शाळांना सरकारी अनुदान देण्याचं धोरण आपल्याकडे 1854 च्या वुडच्या खलित्यापासून आहे. अमेरिकेतला पहिला चार्टर कायदा मिनेसोटा राज्याने केला तो 1991 मध्ये. म्हणजे ही कल्पना त्यांच्या आधी 137 वर्षं आपल्या दारात होती. त्याच शाळेत शिकून इंजिनिअर झालेला माणूस आता ती अमेरिकेतून मागवायला निघालाय!

दोन्हींत फरक नक्कीच आहे, पण सल्लागार सांगत नाहीत तो. चार्टर शाळेशी ठरावीक वर्षांचा करार असतो. निकाल दाखवला नाही तर तो रद्द होऊन शाळा बंद होऊ शकते. शिक्षक निवडण्याची आणि वेळापत्रक ठरवण्याची तिला बरीच मोकळीक असते. आपल्या अनुदानित शाळेत शिक्षकांची पदं ठरतात संचमान्यतेतून, म्हणजे पटसंख्येवर. पट घटला की तुकडी जाते आणि शिक्षक अतिरिक्त ठरतो. भरतीसाठी 'पवित्र' पोर्टलवर येणारी यादी आहेच. वीज, खडू, दुरुस्ती यांसाठीचं वेतनेतर अनुदान तुटपुंजं असतं. जबाबदारी संस्थेची आणि दोऱ्या मंत्रालयात, अशी ही रचना आहे.

आता दर्जा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 'क्रेडो' या संशोधन केंद्राने 2009 मध्ये चार्टर शाळांची गणितातली प्रगती आसपासच्या सरकारी शाळांशी ताडून पाहिली. 17 टक्के चार्टर शाळा सरस, 37 टक्के कमी आणि उरलेल्यांत लक्षणीय फरक नाही, असं आढळलं. त्याच केंद्राच्या 2023 च्या अहवालात चित्र सुधारलं होतं: चार्टरमधली मुलं वाचनात वर्षाला सरासरी 16 दिवसांच्या आणि गणितात 6 दिवसांच्या अभ्यासाइतकी पुढे. पण त्याच अहवालात ऑनलाइन चार्टर शाळांची मुलं गणितात 124 दिवसांनी मागे होती. नाव एकच, निकाल दोन टोकांचे! बॉस्टनमधल्या चार्टर शाळांची प्रगती खरोखर डोळ्यांत भरणारी आहे. तिथल्या अनेक शाळांत दिवस मोठा, शिकवणी जादा आणि शिक्षकांच्या कामावर सतत लक्ष असतं. ही कामं करायला चार्टर नावाची गरज नाही.

आणि समता? जागांपेक्षा अर्ज जास्त आले की चार्टर शाळांत सोडत निघते, हे न्याय्यच. पण सोडतीत नाव येण्यासाठी आधी अर्ज करावा लागतो आणि तो करतात ते जागरूक पालक. ज्यांच्या घरी सोडतीची बातमीच पोचत नाही, ती मुलं जिथे होती तिथेच राहतात.

डोंबिवलीतलं खरं दुखणं दुसरंच आहे. 2001 मध्ये राज्याने 'कायम विनाअनुदानित' धोरण आणलं. त्यातला 'कायम' हा शब्द 2009 मध्ये वगळला, तरी अनुदान आलं ते टप्प्याटप्प्याने आणि आंदोलनं करून. 2012 मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला. त्यामुळे पलावासारख्या नव्या वसाहतींत उभ्या राहिलेल्या शाळा जवळपास सगळ्या फी घेणाऱ्या इंग्रजी शाळा आहेत आणि अनुदानित शाळा जुन्या गावठाणात आणि स्टेशनभोवती उरल्या. सरकारी पैसा, खासगी कारभार ही रचना आपल्याकडे नव्हती असं नाही. तिला आपणच वाढू दिलं नाही.

इतर गैरसमज, थोडक्यात

*"खासगी शाळा म्हणजे दर्जा."* आंध्र प्रदेशात सोडत काढून काही मुलांना खासगी शाळांत पाठवलं. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात ती सरकारी शाळेतल्या मुलांइतकीच होती (मुरलीधरन आणि सुंदररामन, 2015). मात्र खासगी शाळांचा दरडोई खर्च सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहून कमी होता आणि हिंदीत त्यांची मुलं पुढे होती, हेही खरं.

*"आरटीईची (शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांवरची) मुलं आली की वर्ग बिघडतो."* गौतम राव यांनी दिल्लीतल्या खासगी शाळांचा अभ्यास केला (2019). गरीब वर्गमित्र असलेली श्रीमंत मुलं अधिक उदार आणि कमी भेदभाव करणारी आढळली. एकूण गुणांवर परिणाम दिसला नाही, इंग्रजीत किंचित घट दिसली.

*"आरटीईच्या जागा फक्त एक लाखाच्या आत उत्पन्न असलेल्यांना."* ती अट आर्थिक दुर्बल घटकासाठी आहे. अनुसूचित जाती-जमातींना ती लागू नाही.

*"सरकारी शाळा एक किलोमीटरच्या आत असली तर खासगी शाळेला आरटीई प्रवेशांतून सूट."* फेब्रुवारी 2024 चा तो नियम मुंबई उच्च न्यायालयाने 19 जुलै 2024 रोजी रद्द केला.

*"अनुदान म्हणजे संस्थाचालकांना खिरापत."* शिक्षकांचा पगार 'शालार्थ' प्रणालीतून थेट त्यांच्या खात्यात जातो.

*"पालकांचं शाळेत चालतंय काय?"* शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात. अनुदानित शाळेत तिचा अधिकार सल्ल्यापुरता आहे, पण तो सल्ला तरी द्या. तुमच्या जुन्या शाळेत मंजूर पदं किती, भरलेली किती, वेतनेतर अनुदान शेवटचं कधी आलं, एवढं विचारा आणि उत्तर घेऊन आमदारांकडे जा. मिनेसोटाचा कायदा नंतर वाचता येईल.