पान देवनागरीत आहे, पण मराठीत आहे का?

जनगणनेचा कर्मचारी दारात येतो तेव्हा घरातले वडीलधारे एक सूचना हमखास देतात: मातृभाषेच्या रकान्यात त्याने काय लिहिले, ते बघून घ्या. पांढुर्णा-सौंसरकडे ही सूचना अनाठायी नाही. १९५६ पर्यंत आपल्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण छिंदवाड्यासोबत मध्य प्रदेशात राहिलो. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले, तरी कचेरीची भाषा हिंदीच आहे. लिपी एकच असल्यामुळे, आपण सांगितले नाही तर आपले लिहिणे गुपचूप हिंदीच्या खात्यात जमा होते.

संगणक हाही असाच एक कर्मचारी आहे. त्याला अक्षरे दिसतात, भाषा सांगावी लागते. आपली मुले-मुली नागपूर, पुणे, इंदूरला संकेतस्थळे बांधण्याचे काम करतात. सुटीत घरी आली की वाचनालयाचे, मंदिराच्या ट्रस्टचे किंवा कुळाच्या इतिहासाचे एखादे संकेतस्थळ हौसेने करून देतात. पुढच्या गोष्टी त्यांच्यासाठी आहेत, आणि त्यांना चार प्रश्न विचारू शकणाऱ्या तुमच्यासाठीही.

मुक्त म्हणजे काय

ही कामे बहुधा मुक्त साधनांनी होतात. १९९१ मध्ये सुरू झालेले लिनक्स आणि २००३ मध्ये आलेले वर्डप्रेस ही त्यातली ठळक नावे. मुक्त याचा अर्थ नुसते फुकट असा नाही. साधन कसे बनवले त्याची संहिता, म्हणजे सोर्स कोड, सर्वांसमोर उघडी असते. ती वाचता येते, बदलता येते आणि पुढे देता येते. आम्हा जैनांत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. ग्रंथाची नक्कल करून भांडाराला देणे हे शास्त्रदान. मुक्त साधनाची जात तीच. आपल्यासारख्या कडेच्या भाषिकांना त्याचा मोठा उपयोग असा की, मराठीपुरते काही चुकत असेल तर कंपनीची वाट न पाहता ते दुरुस्त करता येते.

मजकूर युनिकोडमध्ये हवा

जुन्या स्मरणिकांच्या फाइली छापखान्यातून आल्या असतील, तर त्या बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतात. तिथे पडद्यावर 'म' दिसतो, पण आत साठवलेली असते रोमन चिन्हे. फॉन्ट काढून घेतला की मजकुराचा काला होतो आणि शोधयंत्रालाही काही सापडत नाही. म्हणून पहिले काम रूपांतराचे. त्यासाठी मुक्त परिवर्तक मिळतात, मात्र त्यानंतर डोळ्यांनी वाचून तपासणे टळत नाही. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे या तीन जागी यंत्र हमखास घसरते.

पहिल्या ओळीत भाषा सांगा

केसपेपरवर रोग्याचे नाव नसेल, तर आतली लक्षणे कितीही नीट लिहिली तरी उपयोग नाही. एचटीएमएलच्या पानालाही असे नाव असते. त्याच्या आरंभी 'लँग' नावाची खूण असते. मराठीसाठी तिथे 'एमआर' ही दोन रोमन अक्षरे लिहायची असतात. हिंदीची खूण 'एचआय', इंग्रजीची 'ईएन'. तयार साचा उचलून पान बनवले की तिथे 'ईएन' तसेच राहून जाते, आणि पान दिसायला ठीक असल्याने कोणाच्या लक्षात येत नाही.

याचा फटका आधी बसतो तो ज्यांना दिसत नाही त्यांना. अंध वाचक एनव्हीडीएसारखे मुक्त वाचक-साधन वापरतात. ते ही खूण पाहून आवाजाची भाषा बदलते. त्याच्यासोबत येणाऱ्या ई-स्पीक एनजीमध्ये मराठी आवाज आहे, पण पानाने स्वतःला इंग्रजी म्हटले तर तो आवाज निवडला जात नाही. वर्डप्रेसमध्ये भाषा 'मराठी' निवडली आणि थीम नीट लिहिलेली असली, तर ही खूण आपोआप बसते. पानात मध्येच हिंदी उतारा असेल तर तेवढ्या परिच्छेदाला हिंदीची खूण द्यावी. दोन्ही भाषा मानाने नांदतात.

अक्षराचे वळण

आपण शाळेत गिरवलेले 'ल' आणि 'श' हिंदी पाठ्यपुस्तकातल्या 'ल' आणि 'श' पेक्षा वेगळे असतात. युनिकोडमध्ये मात्र त्यांचा क्रमांक एकच आहे, वळण फॉन्टवर अवलंबून. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात आणि पानावर मराठीची खूण असेल तरच मराठी वळण उमटते. टिरो देवनागरी या मुक्त फॉन्टचे तर हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे अवतार आहेत. रेड हॅट कंपनीने मुक्त केलेला लोहित आणि मुंबईच्या 'एक टाइप'चा मुक्ता हेही वापरून पाहावेत. निवडण्याआधी 'शाळेतले लाल शहाळे' एवढेच टाइप करून बघा. उत्तर डोळ्यांसमोर येते.

मांडणी करताना आणखी दोन पथ्ये. इंग्रजी मथळ्यांत शोभेसाठी अक्षरांमधले अंतर वाढवतात. देवनागरीत तसे केले की शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात, म्हणून 'लेटर-स्पेसिंग' शून्यच ठेवावे. दुसरे, वर मात्रा-रफार आणि खाली उकार असल्याने आपल्या ओळींना उभी जागा जास्त लागते. अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडे अधिक अंतर ठेवले की वयस्कर डोळ्यांना वाचायला सोपे जाते.

सारखे दिसते, सापडत नाही

आता जरा बारीक दुखणे. 'ॲ' दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, त्याचे स्वतंत्र अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. दुसरी, 'अ' वर चंद्र देऊन. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाच्या लेखी वेगळे. सूचीत 'ॲडव्होकेट' एका रीतीने असेल आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या रीतीने लिहिले, तर नाव असूनही सापडत नाही. युनिकोडचे ठरावीक सामान्यीकरणही या दोघांना एक करत नाही. ते काम आपल्याला संहितेत स्वतः लिहावे लागते: साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच रूप करून घ्यायचे.

'ऱ्य' चेही तसेच. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यास' दिलेली दक्षिणा 'आचाऱ्यास' गेली तर अर्थाचा घोटाळा. हिंदीत या दुसऱ्या रूपाची गरज पडत नाही, त्यामुळे हिंदीपुरते तपासलेले साधन इथे अडखळू शकते. तेही टाइप करण्याच्या दोन रीती आहेत: एकात नुक्ता असलेला 'ऱ', दुसऱ्यात साधा 'र' आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पुष्कळदा सफाई करणारी संहिता हे अदृश्य चिन्ह कचरा समजून पुसते आणि दऱ्यांचा दर्या करून टाकते. ते पुसू देऊ नये.

मजकुराचा पहिला तुकडा दाखवून 'पुढे वाचा' म्हणायचे असेल, तर चिन्हे मोजून कापू नये. नाहीतर 'क्षमा' चा 'क्' उरतो. जावास्क्रिप्टमध्ये 'इंटल सेगमेंटर' आहे, ते निदान मात्रा अक्षरापासून तोडत नाही. मुळात शब्द संपेल तिथे कापणे सर्वांत बरे.

क्रम, आकडे आणि पत्ता

सभासदांची यादी युनिकोडच्या क्रमांकानुसार लावली, तर 'क्षीरसागर' क च्या नावांत आणि 'ज्ञानेश्वर' ज च्या नावांत जातात. 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्यामध्ये येऊन बसतो. आपल्या वर्णमालेत 'ळ' ह नंतर आणि क्ष, ज्ञ शेवटी. हा क्रम आयसीयू या मुक्त संचात तयार आहे. जावास्क्रिप्ट किंवा पोस्टग्रेएसक्यूएलला फक्त 'मराठीचा क्रम लाव' एवढे सांगायचे असते. आकड्यांचेही तेच: भाषा मराठी सांगितली की संख्या देवनागरी अंकांत येते, हिंदी सांगितली की रोमन अंकांत.

पानाचा पत्ता मात्र रोमनमध्ये आणि लहान ठेवावा. मराठी शीर्षकाचा पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की पुष्कळदा त्याची टक्क्यांच्या चिन्हांची माळ होते, कारण आपल्या एकेका चिन्हाची नऊ रोमन चिन्हे बनतात. वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या या भागाला २०० चिन्हांची मर्यादा आहे, म्हणजे बावीसेक चिन्हांतच शीर्षक तुटते.

कपाटातली पुस्तके

फाइल नसेल आणि नुसता छापील अंक असेल, तर त्याची प्रतिमा घेऊन टेसरॅक्ट या मुक्त साधनाने अक्षरे ओळखता येतात. त्यातही हिंदी आणि मराठी असे वेगळे संच आहेत, मराठीचा निवडावा. हिंदीचा निवडला तर तो आपल्या ओळखीचे हिंदी शब्द शोधू पाहतो. जुन्या घरांत मोडी कागद असतात. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली असून नोटोचा मुक्त मोडी फॉन्टही आहे. फक्त मायएसक्यूएल वापरत असाल तर साठवणीचा प्रकार 'यूटीएफ८एमबी४' ठेवा. तिथल्या जुन्या 'यूटीएफ८' मध्ये देवनागरी मावते, मोडी मावत नाही.

परवाना वाचा, आणि परतही द्या

प्रत्येक मुक्त साधनासोबत परवान्याची फाइल असते. एमआयटी परवाना म्हणतो, मूळ कर्त्याची नोंद पुसू नका. जीपीएल म्हणतो, बदललेले साधन दुसऱ्याला दिलेत तर त्याची संहिताही द्या. फॉन्टांचा ओएफएल परवाना म्हणतो, वापरा, बदला, पण नुसता फॉन्ट विकू नका. अटी इतक्याच असतात. त्या न वाचणे म्हणजे पंगतीत जेवून यजमानाचे नावही न विचारणे.

आणि मराठीतला दोष सापडला तर आपल्यापुरता बुजवून गप्प बसू नये. लक्षण नेमके लिहावे: कोणता शब्द टाइप केला, काय दिसले, काय दिसायला हवे होते, कोणत्या यंत्रावर. साधन बनवणाऱ्याला मराठी येत नसते. 'दर्या' आणि 'दऱ्या' शेजारी ठेवून दाखवल्या तरच त्याला दुखणे कळते. एका दुरुस्तीचा लाभ मग बडोद्यापासून तंजावरपर्यंतच्या मराठी घरांना मिळतो.

नातू किंवा नात नवे संकेतस्थळ दाखवायला फोन घेऊन येईल, तेव्हा कौतुक करा आणि मग हे पाच प्रश्न विचारा. पानाची भाषा कोणती लिहिली आहेस? 'ल' आणि 'श' आपले आहेत का? 'दऱ्या' शोधल्यावर सापडतात का? क्षीरसागरांचे नाव यादीत कुठे आले? आणि ज्यांची साधने वापरलीस, त्यांची नावे कुठे लिहिलीस? पाचही उत्तरे नीट आली, तर आपल्या मातृभाषेचा रकाना त्या घरात तरी बरोबर भरला गेला.