मोटार विक्रेत्याकडून होणारा करारभंग

बुकिंगच्या वेळी ठरलेले वाहन ठरलेल्या किमतीत किंवा ठरलेल्या मुदतीत न देणे, अथवा त्याऐवजी जुने वा वेगळे वाहन देणे, हा मोटार विक्रेत्याकडून होणारा करारभंग होय. भारतात अशा वेळी खरेदीदाराला भारतीय करार अधिनियम, १८७२, मालविक्री अधिनियम, १९३० आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ यांचा आधार घेता येतो. वैयक्तिक वापराच्या गाडीसाठी यांपैकी तिसरा मार्ग सर्वांत सोयीचा ठरतो. १९८६ च्या जुन्या ग्राहक कायद्यानुसार विक्रेत्याचा व्यवसाय जेथे असेल किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले असेल, तेथेच जावे लागे. २० जुलै २०२० पासून तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो, तेथेही तक्रार दाखल करता येते. त्यामुळे भिवंडी तालुक्यातील गणेशपुरीच्या रहिवाशाने नाशिक किंवा पुण्याच्या शोरूममधून गाडी घेतली असली, तरी तो ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागू शकतो.

करार कोणाशी?

गाडीवर नाव कंपनीचे असले तरी विक्रीचा करार बहुधा विक्रेत्याशी झालेला असतो. या फरकाचे महत्त्व गोव्यातील एका प्रकरणात दिसून आले. तेथील खरेदीदाराने २०११ च्या मॉडेलसाठी पैसे भरले होते. प्रत्यक्षात त्याला मिळालेली गाडी २००९ ची होती, ती ६२२ किलोमीटर चाललेली होती आणि तिच्या खालच्या भागाला गंज चढला होता. ग्राहक मंचांनी विक्रेता आणि निर्माता या दोघांनाही जबाबदार धरले. टाटा मोटर्सच्या अपिलावर फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने मात्र निर्मात्याला वगळले. दोघांमधील व्यवहार स्वतंत्र व्यापाऱ्यांमधील असल्याने, विक्रेत्याच्या गैरकृत्याची माहिती निर्मात्याला होती हे सिद्ध झाल्याखेरीज त्याच्यावर दायित्व येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. विक्रेत्याचे दायित्व कायम राहिले. वाहनातील उत्पादनदोषाची गोष्ट वेगळी. तेथे निर्मात्याला प्रतिपक्ष करणे आवश्यक ठरते.

गाडी जुन्या साठ्यातील आहे का, हे विक्री प्रमाणपत्रावरून (नमुना २१) कळते. त्यात उत्पादनाचा महिना व वर्ष नोंदवलेले असते. ताबा घेण्यापूर्वी हा कागद वाचणे हे नंतरच्या कोणत्याही खटल्यापेक्षा स्वस्त पडते.

ग्राहक कोण?

व्यापारी हेतूने घेतलेले वाहन या कायद्याच्या बाहेर राहते. गोदामे आणि यंत्रमागांमुळे टेम्पो-ट्रकची वर्दळ असलेल्या भिवंडी परिसरात हा प्रश्न वारंवार उद्भवू शकतो. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वाहन घेणारा मात्र ग्राहकच असतो. महाराष्ट्रातून गेलेल्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात (१९९५) सर्वोच्च न्यायालयाने स्वतः रिक्षा किंवा ट्रक चालवून पोट भरणाऱ्याचे उदाहरण देऊन हे स्पष्ट केले. पाच ट्रक घेऊन चालक नेमणाऱ्या व्यावसायिकाला सहसा दिवाणी न्यायालयाकडे वळावे लागते.

तक्रारीची पद्धत

प्रथम विक्रेत्याला लेखी नोटीस देऊन गाडी, परतावा किंवा भरपाई यांपैकी काय हवे ते मुदतीसह कळवण्याची प्रथा आहे. बुकिंगचा अर्ज, पावत्या, बँकेचे व्यवहार आणि विक्रेत्याचे संदेश हा मुख्य पुरावा होय. विक्री प्रतिनिधीने तोंडी दिलेले वचन सिद्ध करणे फार कठीण जाते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरून तडजोडीचा प्रयत्न करता येतो, परंतु तिला आदेश देण्याचा अधिकार नाही.

तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. जिल्हा आयोगाची मर्यादा डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार ५० लाख रुपये आहे आणि ती मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर दिलेल्या मोबदल्यावरून मोजतात. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. १० लाखांपर्यंत २०० रुपये व २० लाखांपर्यंत ४०० रुपये लागतात. वकील नेमणे सक्तीचे नाही. अर्जात लवादाचे कलम छापलेले असले, तरी आयोगाचे दार बंद होत नाही.

वाहनकर्जाचा करार स्वतंत्र असतो. गाडी मिळाली नाही म्हणून खरेदीदाराने परस्पर हप्ते थांबवले, तर बँकेच्या लेखी तो थकबाकीदार ठरू शकतो. म्हणून बँकेला वेळीच लेखी कळवून भरलेल्या व्याजाची मागणी विक्रेत्याविरुद्धच्या तक्रारीत करणे श्रेयस्कर असते.

केवळ विलंब हा गुन्हा नसतो. मात्र सुरुवातीपासूनच गाडी देण्याचा हेतू नसताना पैसे घेतले असतील, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची फिर्याद देता येते. शोरूम दुसऱ्या हद्दीत असले तरी गणेशपुरी पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो पुढे वर्ग करता येतो.

जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. रक्कम देण्याचा आदेश असलेल्या विक्रेत्याला त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश न पाळल्यास कलम ७२ नुसार एक महिना ते तीन वर्षे कारावास, किमान २५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.