गुरुगीता एक, पाठ अनेक: फोनवर आलेला ‘सोपा अर्थ’ कसा तपासाल?

गुरुपौर्णिमा जवळ आली की ‘गुरुगीता: सोपा मराठी अर्थ’ अशा पीडीएफ फोनवर फिरू लागतात. दोन पीडीएफ शेजारी ठेवल्या तर अनेकदा श्लोकांची संख्याही जुळत नाही. असे का होते?

गुरुगीता म्हणजे काय?
शिव-पार्वतीच्या संवादातून गुरूचे महत्त्व सांगणारा हा संस्कृत ग्रंथ आहे. परंपरेने तो स्कंदपुराणाचा भाग मानला जातो. मराठी घरांना तो गुरुचरित्रामुळेही माहीत आहे. गुरुचरित्राच्या काही छापील पोथ्यांत 49 वा अध्याय गुरुगीतेचा आहे, तर काहींत ती नाही.

भिवंडीशी संबंध काय?
भिवंडी तालुक्यातील गणेशपुरीत स्वामी नित्यानंद यांची समाधी आहे. त्यांचे 1961 मध्ये निधन झाले. त्यांचे शिष्य स्वामी मुक्तानंद यांनी येथील आश्रमात गुरुगीतेचे पठण नित्यक्रमाचा भाग केले. 1970 पासून त्यांचे परदेश दौरे सुरू झाले आणि संस्कृत न येणारे साधकही रोमन लिपीतून ती म्हणू लागले. या पाठात 182 श्लोक आहेत. इतर पाठांत साधारण 100 पासून 400 हून अधिक श्लोक आढळतात.

भाषांतरात अडचण कुठे येते?
‘गुरु’ या शब्दापासूनच. संस्कृतमध्ये या विशेषणाचा अर्थ जड किंवा मोठा. ‘गुरुत्वाकर्षण’ या शब्दात तोच अर्थ आहे. गुरुगीता मात्र शब्द फोडून सांगते: ‘गु’ म्हणजे अंधार, ‘रु’ म्हणजे प्रकाश. पहिला अर्थ शब्दकोशातला, दुसरा उपासनेतला. भाषांतरकाराने दुसराच अर्थ व्युत्पत्ती म्हणून दिला, तर वाचकाची दिशाभूल होते.

याने फरक काय पडतो?
गुरुगीतेत गुरूवरील निष्ठेवर मोठा भर आहे. पण काही पाठांत सावधगिरीचा इशाराही आहे: शिष्याचे धन हरण करणारे गुरू पुष्कळ, त्याचा ताप हरण करणारा दुर्मीळ. निवडक श्लोकांच्या पीडीएफमधून हा भाग गळाला, तर वाचकाच्या हाती फक्त ‘आज्ञा पाळा’ एवढेच उरते. बुवाबाजीला बळी पडणाऱ्यांच्या बाबतीत ही उणीव किरकोळ नाही.

वाचताना काय पाहावे?
• भाषांतरकाराचे आणि प्रकाशकाचे नाव आहे का?
• कोणत्या पोथीवरून पाठ घेतला, हे सांगितले आहे का?
• मूळ श्लोक, शब्दार्थ आणि विवेचन वेगवेगळे छापले आहे का?

पाठ वेगळा असला म्हणून तो खोटा ठरत नाही. हाताने नकला होत गेलेल्या ग्रंथांत श्लोक वाढतात, गळतात. मात्र आपण कोणता पाठ वाचतो आहोत आणि त्याचा अर्थ कोणी लावला, हे वाचकाला कळायला हवे.